घरचा पहिला संगणक : सोळा आण्यांची वांटणी

बैलबाजारांत आमच्या भागांतील शेतकरी सहसा फसत नाहीं. शिंगांना लावलेला रंग व गळ्यांतील घुंगरमाळ पाहून तो भुलत नाहीं. दांत पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, जनावर दहा पावलें चालवून पाहतो, आणि मगच उपरण्याखालीं हात घालून किंमत ठरवितो. विहिरीवर मोटर बसवितांनाही तो तितकाच सावध असतो. पाणी किती खोल, पाइप किती इंची, केबल किती जाड, हें पाहिल्यावांचून मोटर किती अश्वशक्तीची घ्यावयाची हें तो ठरवीत नाहीं. परंतु हाच व्यवहारचतुर गृहस्थ घरांतील मुलासाठीं पहिला संगणक घेण्यास शहरांत गेला, म्हणजे त्याचा विवेक दुकानाच्या पायरीवरच राहतो. कांचेच्या पेटींत तांबडे-निळे दिवे फिरत असतात, दुकानदार पांचदहा इंग्रजी अक्षरें व आंकडे म्हणून दाखवितो, आणि वर्षाच्या कांद्याचे पैसे तासाभरांत हातांतून निघून जातात.

मिरजगांव हें नगर-सोलापूर रस्त्यावरील, कर्जत तालुक्यासारख्या अवर्षणाच्या मुलुखांतील गांव. येथें घरांतून एकरकमी मोठा खर्च होतो तो बहुधा दोन-तीन पिढ्यांच्या संमतीनें होतो. आजोबांना वाटतें, यंत्र केवळ खेळापायीं मागितलें जात आहे. नातवाला वाटतें, वडीलधाऱ्यांस यांतलें कांहीं कळत नाहीं. सुनेला कचेरीचें काम घरून करावयाचें असतें, मुलीला अभ्यासाचे वर्ग पाहावयाचे असतात, कर्त्या पुरुषाला पीकविम्याचे अर्ज व दुकानाचा हिशेब असतो. एकाच यंत्रानें या सर्वांचें काम भागावें, मुलांना त्यावर बेताचें खेळतांही यावें, आणि तें पांच-सहा वर्षें टिकावें, अशी घराची अपेक्षा असते. ही अपेक्षा अवास्तव मुळींच नाहीं. मात्र ती पुरी होणें न होणें एका गोष्टीवर अवलंबून आहे : पैसा डोळ्यांस दिसणाऱ्या भागांवर जातो, कीं न दिसणाऱ्या भागांवर. आणि एकदां का पहिली खरेदी फसली, तर पैशापेक्षांही मोठें नुकसान होतें. तें म्हणजे त्या मुलाच्या शब्दावरचा घरच्यांचा विश्वास उडतो.

सुटे भाग मिळतात कसे?

तयार यंत्र न घेतां त्याचे भाग निवडून जोडून घेण्याची सोय मुळांत झाली कशी, हें प्रथम सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें सन १९८१ मध्यें आपला पहिला वैयक्तिक संगणक काढला. तो लवकर बाजारांत आणण्यासाठीं तिनें बरेचसे भाग इतर कारखान्यांकडून घेतले व त्याची रचनाही प्रसिद्ध केली; त्यामुळें त्यास जुळणारे भाग इतरांनाही करतां आले. पुढें १९९५ मध्यें इंटेल कंपनीनें 'एटीएक्स' नांवाचें माप ठरवून दिलें. मदरबोर्डाचीं भोकें कोठें असावीं, वीजपुरवठ्याची पेटी केवढी असावी, तिच्या वायरींचीं टोकें कशीं असावीं, हें सर्व त्यांत आलें. म्हणूनच आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटांत बिनतक्रार बसतो. मुंबईंत ग्रँट रोड स्टेशनानजीकचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यांत तपकीर गल्ली, या इलेक्ट्रॉनिक मालाच्या प्रसिद्ध पेठा. त्यांचा सारा व्यापार अशा सुट्या मालावर चालतो.

साध्या भागांच्या नेटक्या जोडणींत केवढें सामर्थ्य असतें, याचा दाखला पुण्यासच घडलेला आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हां १९८८ मध्यें पुण्यास 'सीडॅक' ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ मध्यें 'परम ८०००' हें यंत्र सिद्ध केलें. त्यांत एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता; 'ट्रान्सप्यूटर' नांवाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशीं जोडून सर्वांकडून एका वेळीं काम करून घेतलें होतें. घरच्या संगणकालाही हाच न्याय लागू आहे. तो एक वस्तु नसून आठ-नऊ वस्तूंचें एकत्र कुटुंब आहे, आणि कुटुंबाप्रमाणेंच त्याची चाल सर्वांत संथ घटकाच्या चालीनें ठरते. दहा अश्वशक्तीच्या मोटरीला दीड इंची पाइप लावला, तर पाणी दीड इंचीच येणार.

प्रथम कामाची यादी

खरेदीपूर्वीं कागदावर दोन रकाने आंखावे. पहिल्यांत घरचें काम लिहावें : इंटरनेटवरील पंधरा-वीस पानें एकाच वेळीं उघडीं, शेजारीं चालूं असलेला वर्ग, मागें हिशेबाची वही, आणि छपाई. दुसऱ्यांत मुलांनीं खेळूं इच्छिलेल्या खेळांचीं नांवें त्यांनींच लिहावीं. 'माइनक्राफ्ट', 'व्हॅलोरंट', 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारखे खेळ बेताच्या यंत्रावर, दृश्यांची सजावट कमी ठेवून चालतात. अलीकडचे प्रचंड, चित्रपटासारखे खेळ मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड मागतात. यादींत कोणत्या जातीचे खेळ अधिक आहेत, यावर पुढील निवड ठरते.

ग्राफिक्स म्हणजे काय, हें त्रैराशिक येणाऱ्या कोणासही समजेल. नेहमींच्या मॉनिटरवर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, गुणाकार २०,७३,६००. खेळांत हें सारें चित्र सेकंदाला साठ वेळां नव्यानें रंगवावें लागतें, म्हणजे दर सेकंदाला १२ कोटि ४४ लक्षांहून अधिक ठिपके. हिशेबाच्या वहींत पान तासभर जवळजवळ स्थिर असतें. खेळांत तें क्षणभरही स्थिर नसतें. कामाचें यंत्र व खेळाचें यंत्र यांतील मुख्य भेद तो हाच. घरांतील कोणी शिक्षणासाठीं वसतिगृहांत जाणार असेल, तर त्यास लॅपटॉपच बरा. घरांत एका जागीं राहणाऱ्या यंत्रासाठीं मात्र सुट्या भागांची जोडणी अधिक हितावह, कारण एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो.

आतां सोळा आणे. बाजारभाव महिन्यागणिक बदलतात, म्हणून आम्ही रुपयांचे आंकडे न देतां प्रमाण देतों. घरानें ठरविलेली रक्कम एक रुपया मानली, तर त्यांतील चार आणे प्रोसेसरला, दोन आणे मदरबोर्डाला, अडीच आणे रॅमला, दीड आणा एसएसडीला, दीड आणा वीजपुरवठ्याला, एक आणा कॅबिनेटला, अडीच आणे मॉनिटरला, आणि उरलेला एक आणा की-बोर्ड, माऊस व यूपीएस यांस द्यावा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड यांत धरलेलें नाहीं. तें पुढच्या वर्षींच्या हंगामाचें. हें प्रमाण आमच्या विचाराचें आहे; भावांप्रमाणें त्यांत अर्धा-पाव आणा इकडे-तिकडे होईल. परंतु वीजपुरवठ्याचा दीड आणा कोणीही कमी करूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

ज्यांचें बजेट लहान आहे, त्यांनीं प्रथम असा प्रोसेसर घ्यावा कीं ज्याच्या पोटांतच बऱ्यापैकीं ग्राफिक्स आहे. एएमडी कंपनीचा 'रायझन-५ ५६००जी' हा २०२१ सालचा प्रोसेसर याचें चांगलें उदाहरण. त्यांत सहा गाभे आहेत व ते एका वेळीं बारा धागे चालवितात. म्हणजे अनेक कामें एकदम उघडलीं असतांही तो गडबडत नाहीं. विजेचें त्याचें मान ६५ वॅटचें आहे आणि पेटीबरोबर थंड ठेवणारा पंखाही मिळतो. त्याचाच धाकटा भाऊ '५६००जीटी' २०२४ मध्यें आला. हे दोन्ही 'एएम४' या खोबणीचे. ही खोबण जुनी झाली असल्यानें माल स्वस्त पडतो, परंतु तिचा पुढचा विस्तार मर्यादित आहे. ज्यांस थोडा अधिक खर्च झेपेल, त्यांनीं २०२२ मध्यें आलेल्या 'एएम५' खोबणीचा विचार करावा. तिच्यांत '८६००जी' हा प्रोसेसर बसतो, त्याचें पोटांतील ग्राफिक्स अधिक जोमदार आहे, आणि या खोबणीला २०२७ व त्यापुढेंही पाठिंबा देऊं, असें कंपनीनें २०२४ मध्यें जाहीर केलें आहे. म्हणजे कांहीं वर्षांनीं नुसता प्रोसेसर बदलून यंत्र तरुण करतां येईल.

इंटेलच्या प्रोसेसरांत नांवाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्यावें. 'आय३-१२१००एफ' किंवा 'आय५-१२४००एफ' हे प्रोसेसर उत्तम आहेत. परंतु 'एफ' याचा अर्थ त्यांच्या पोटांत ग्राफिक्स नाहीं. स्वतंत्र कार्डावांचून त्यांच्यावर पडदा उजळणारही नाहीं. कार्ड त्याच दिवशीं घेणार असाल, तरच त्यांच्या वाटेस जावें.

येथें एका चलाखीपासून वाचकांना सावध करणें अवश्य आहे. 'चार जीबीचें ग्राफिक्स कार्ड आहे' असें सांगून 'जीटी ७३०' सारखें अतिशय जुनें कार्ड यंत्रांत घातलेलें आढळतें. चार जीबी हा त्याच्या कोठाराचा आंकडा झाला, बळाचा नव्हे. रिकाम्या कोठारानें कोणी पहिलवान होत नाहीं. वर सांगितलेल्या ५६००जी च्या पोटांतील ग्राफिक्स त्या कार्डाहून सरस आहे. मग त्या कार्डाचे पैसे कशासाठीं मोजावयाचे? खरेंच कार्ड घ्यावयाचें तेव्हां निदान 'आरएक्स ६६००' या तोलाचें, आठ जीबीचें असावें, आणि तोंवर पैसे जपून ठेवावे.

मदरबोर्ड हें घराचें जोतें. एएम४ साठीं 'ए५२०' किंवा 'बी५५०' या मालिकेंतील बोर्ड पुरे. त्यांत रॅमच्या दोन खोबणी आहेत कीं चार, आणि एसएसडीसाठीं 'एम-टू' खोबण आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. एएम४ च्या बोर्डावर डीडीआर४ जातीची रॅम लागते व एएम५ च्या बोर्डावर डीडीआर५. एकीची रॅम दुसरीच्या खोबणींत बसतच नाहीं. तेव्हां बोर्ड ठरल्यावरच रॅम घ्यावी, आधीं नव्हे.

रॅम : दोन भाऊ एकापेक्षां बरे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृति २०४८ शब्दांची व प्रत्येक शब्द ४० बिटांचा; आजच्या भाषेंत एकूण दहा केबी. आज आम्ही घरच्या यंत्राला १६ जीबी सुचवितों, म्हणजे टिफ्रॅकच्या सोळा लक्षांहून अधिक पट. इतकी स्मृति चैनीची नव्हे. ज्या प्रोसेसरच्या पोटांतच ग्राफिक्स असतें, त्यास स्वतःचें कोठार नसतें. तो मुख्य रॅममधूनच आपला वांटा घेतो. आठ जीबींतून दोन जीबी त्यानें उचलली, तर उरलेल्या सहांत विंडोज, वर्ग, हिशेब व खेळ यांनीं दाटीवाटीनें बसावयाचें.

याहूनही महत्त्वाची गोष्ट ही कीं १६ जीबीची एक पट्टी न घेतां आठ-आठच्या दोन घ्याव्या. ३२०० गतीची डीडीआर४ पट्टी एकटी असतां सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहूं शकते. दोन पट्ट्या नेमून दिलेल्या खोबणींत बसविल्या कीं हीच वाहतूक ५१.२ जीबीची होते. पोटांतल्या ग्राफिक्सला याचा फार लाभ होतो व खेळ दिसण्याइतका सुरळीत चालतो. एका रुंद रस्त्याच्या दोन गल्ल्या झाल्यासारखेंच तें आहे. जोडणी करणाऱ्यास बायॉसमध्यें 'एक्सएमपी' हा पर्याय चालूं करण्यासही सांगावें. पुष्कळ पट्ट्या तसें केल्यावांचून आपल्या पूर्ण गतीनें चालत नाहींत.

रॅमला आम्ही अडीच आणे दिले, हें जुन्या हिशेबानें अधिक वाटेल. परंतु २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं जगभर उभ्या राहणाऱ्या अवाढव्य संगणकगृहांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव झपाट्यानें चढले. डिसेंबर २०२५ मध्यें तर मायक्रॉन कंपनीनें किरकोळ ग्राहकांसाठीं चालविलेला आपला 'क्रूशल' हा व्यवसाय बंद करण्याचें जाहीर केलें. दूरदेशींच्या संगणकगृहांची झळ मिरजगांवच्या विद्यार्थ्याला लागते, ती अशी. म्हणून इतर भाग ठरले असतील तरी रॅमचा भाव खरेदीच्याच दिवशीं पुन्हा विचारावा.

कोठार

जुनी हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची. ती सेकंदाला सुमारें दीडशें एमबी वाचते. साटा जातीची एसएसडी सुमारें साडेपांचशें, आणि एम-टू खोबणींत बसणारी एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्याही वर जाते. यंत्र उघडण्यास मिनिटें लागतात कीं सेकंद, हें येथें ठरतें. हार्ड डिस्कचा स्वस्तपणा पाहून विंडोज तिच्यावर ठेवणें म्हणजे उत्तम बैलजोडीच्या गाडीला दगडी चाकें लावणें होय. पहिल्या यंत्रास ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरे. एकेक मोठा खेळ शंभर जीबीपर्यंत जागा अडवितो. तेव्हां सर्व खेळ एकदम भरून न ठेवतां एक संपल्यावर दुसरा भरावा, ही शिस्त जागेच्याही हिताची व अभ्यासाच्याही. घरचीं लग्नामुंजींचीं छायाचित्रें व महत्त्वाचे कागद यांची दुसरी प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर अवश्य असावी.

ज्यावर कोणी लक्ष देत नाहीं तो भाग

आतां वीजपुरवठ्याच्या पेटीविषयीं, म्हणजे एसएमपीएसविषयीं. भिंतींतून आलेली २३० व्होल्टांची वीज बारा, पांच व सव्वातीन व्होल्टांच्या सुमाराची करून ती प्रत्येक भागास पोंचविते. शरीरांत जें हृदयाचें काम, तें यंत्रांत हिचें. आणि आश्चर्य हें कीं बजेट कमी पडलें म्हणजे पहिली कात्री हिलाच लागते. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळणारी हलकी पेटी पाहावी. तिच्यावर ४५० वॅट असें ठळक छापलेलें असतें, पण तेवढा भार ती खरोखर पेलेल याची खात्री कोण देणार?

शहरांत हें एकवेळ खपून जातें. खेड्यांत खपत नाहीं. शेतीपंप सुरू होतांच व्होल्टेज उतरतें, ते बंद होतांच उसळतें, पावसाळ्यांत विजेचा लपंडाव चालतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं वैशाखांतल्या एका संध्याकाळीं अशीच फुकटची पेटी जळाली व जातांना मदरबोर्डालाही घेऊन गेली. पेटीवर वांचविलेली रक्कम थोडी होती. गेलेली रक्कम तिच्या कितीतरी पट झाली, आणि मुलाच्या परीक्षेआधींचे तीन आठवडे यंत्रावांचून गेले तें वेगळेंच.

चांगली पेटी ओळखावी कशी? पहिली खूण, '८० प्लस' हें प्रमाणचिन्ह. २००४ मध्यें सुरू झालेली ही कसोटी मुख्यतः किती वीज वायां जाते हें मोजते; टिकाऊपणाची ती हमी नव्हे. परंतु ब्रॉन्झ दर्जाची पेटी सहसा नुसत्या नांवापुरती नसते. दुसरी खूण, कंपनीनें दिलेली वॉरंटी. पांच वर्षांची असेल तर निर्मात्यालाच आपल्या मालावर भरंवसा आहे असें समजावें. तिसरी खूण आमच्या खेड्यांसाठीं सर्वांत मोलाची : पेटीच्या चिठ्ठीवर 'इनपुट' या शब्दापुढें काय लिहिलें आहे तें वाचावें. कांहीं पेट्या २०० ते २४० व्होल्टांपुरत्याच असतात. कांहीं १०० ते २४० व्होल्टांपर्यंत चालतात. संध्याकाळीं दिवे मंद होणाऱ्या गांवांत दुसरीच घ्यावी.

वॅटचा आंकडा फुगवून घेण्याचें कारण नाहीं. वर सांगितलेलें यंत्र कार्डावांचून दीडशें वॅटांच्या आंतच राहतें. पुढें आरएक्स ६६०० घातलें, तर त्याचे १३२ वॅट वाढतील. तेव्हां खऱ्या साडेचारशें ते साडेपांचशें वॅटांची पेटी दोन्ही वेळां पुरेल. विजेच्या बिलाची धास्ती घेणाऱ्यांसाठीं एक हिशेब : यंत्र सरासरी शंभर वॅट घेऊन रोज चार तास चाललें, तर महिन्याला बारा युनिटें होतात.

याच्याच जोडीला अर्थिंग. जुन्या वाड्यांतून दोनच तारा फिरविलेल्या असतात. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावतांच झिणझिण्या आल्या, तर तो बहुधा अर्थिंग नसल्याचा पुकारा समजावा, आणि वायरमनला बोलावून त्याची व्यवस्था झाल्यावांचून यंत्र चालवूं नये. यूपीएस सहाशें व्हीएचा असला तरी चालेल. त्यावर खेळत बसावयाचें नसतें, हातांतलें काम जतन करून यंत्र नीट बंद करण्याइतकीं मिनिटें त्यानें दिलीं म्हणजे झालें.

पेटी, पडदा आणि बिल

कॅबिनेटची पुढली बाजू कांचेची नसून जाळीची असावी. कांच शोभेची, जाळी श्वासाची. आमच्याकडे उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो व धूळ बारमाही. तेव्हां आंत-बाहेर हवा खेळविणारे निदान दोन पंखे व काढून धुतां येणारी गाळणी हवी. यंत्र जमिनीवर न ठेवतां चौरंगावर ठेवावें, आणि उन्हाळ्याच्या आधीं व नंतर धूळ झाडावी. मॉनिटर २२ ते २४ इंची, 'आयपीएस' जातीचा, सेकंदाला ७५ किंवा १०० वेळां चित्र बदलणारा घ्यावा. त्याला अडीच आणे देण्याचें कारण असें कीं यंत्र बदललें तरी तो राहतो, आणि घरांतल्या सर्वांचे डोळे त्याच्यापुढें असतात.

स्वस्त म्हणून कचेऱ्यांतून काढलेलीं जुनीं यंत्रें विकत मिळतात. तीं वाईट नव्हेत. परंतु त्यांतील इंटेलचा प्रोसेसर कितव्या पिढीचा हें विचारावें. विंडोज १० चा नित्याचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि आठव्या पिढीआधींचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ साठीं मायक्रोसॉफ्टच्या यादींत नाहींत. अशा यंत्रावर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली घालून हिशेब व अभ्यास उत्तम चालेल. पण 'व्हॅलोरंट' सारखे कांहीं खेळ लिनक्सवर चालत नाहींत, हें मुलांस आधींच सांगावें. नव्या यंत्रासाठीं विंडोजचा परवाना हा सोळा आण्यांबाहेरचा खर्च आहे. 'फुकट टाकून देतों' या शब्दाला भुलून ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करावयाचे, त्यावर चोरीची प्रणाली घेऊं नये.

आणि बिल. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलावांचून थोडें स्वस्त देऊं, असें कोणी म्हणालें तर नम्रपणें नकार द्यावा. बिलावर प्रत्येक भागाचें पूर्ण नांव व क्रमांक वेगवेगळा लिहून घ्यावा. वॉरंटी प्रत्येक भागाची निराळी असते, आणि पेटीबंद प्रोसेसरची जी निर्मात्याची वॉरंटी मिळते ती सुट्या प्रोसेसरला मिळेलच असें नाहीं. भागांच्या रिकाम्या पेट्याही वर्षभर माळ्यावर जपाव्या.

खेळाविषयीं दोन शब्द

कित्येक वडीलधारी मंडळींचा यंत्राला विरोध नसतो, खेळाला असतो. आमच्या मतें खेळ हा मुलाच्या प्रकृतीचाच भाग आहे. तो नाकारल्यानें नाहींसा होत नाहीं, लपून मात्र बसतो. म्हणून यंत्र माजघरांत, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेंत असावें. विंडोजमध्यें घरांतील प्रत्येकाचें खातें वेगळें करतां येतें. तसें करावें, म्हणजे सुनेचें काम व मुलांचा खेळ एकमेकांत मिसळत नाहींत, आणि मुलांच्या खात्याला वेळेची मर्यादाही घालतां येते. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्यानें बंद केले आहेत. त्यांच्या आमिषाच्या जाहिराती अजूनही दिसल्या, तर मुलांशीं त्याविषयीं उघड बोलावें.

सर्वांत शेवटची सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. भागांची यादी मुलानेंच करावी, प्रत्येक भागापुढें निदान दोन दुकानांचे लेखी भाव मांडावे, आणि एका संध्याकाळीं घरच्या सर्वांसमोर बसून हाच भाग कां, तो कां नव्हे, हें समजावून सांगावें. आजीनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तिला समजेल अशा मराठींत त्यानें द्यावें. यांत जें शिक्षण आहे तें कोणत्याही शिकवणींत मिळणार नाहीं : गरज व हौस यांचा भेद, मर्यादित पैशाचा विनियोग, आणि आपल्या मागणीचें समर्थन करण्याची जबाबदारी. पुढें भाग आल्यावर जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं स्क्रू त्यालाच पिळूं द्यावे. जो मुलगा फिरत्या दिव्यांचा मोह सोडून ते पैसे पेटीच्या तळाशीं लपलेल्या, कोणालाही न दिसणाऱ्या एसएमपीएसला देतो, आणि तसें कां केलें हें वडीलधाऱ्यांस पटवून देऊं शकतो, त्याच्या हातीं घरानें तें यंत्र निःशंकपणें द्यावें.